जीभ लावलेली वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली, त्या नदीनं नंतर आपली वाटसुद्धा बदलली. त्या काठावर एक वैद्यपीठ होतं. अर्ध्या ओवऱ्यांत विद्यार्थी शिकत, अर्ध्या ओवऱ्यांत आजारी माणसं झोपत. शिकवणारे तेच आणि उपचार करणारेही तेच. सकाळी नाडी बघायची आणि दुपारी नाडी शिकवायची, असा तिथला दिवस असे.

तिथे एक रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. वाटणघरात तयार झालेलं कुठलंही औषध माणसाची जीभ लागल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. काढा असो की चाटण, त्याचा थेंब जिभेवर घ्यायचा, ओळखायचा, थुंकून टाकायचा आणि मगच वाटी पुढे जाऊ द्यायची. बचनागाची मुळी चिमूटभर असली तर ताप उतरवते आणि चिमटीबाहेर गेली तर तिरडीवर चढवते. वाटणाऱ्याचा हात कधीतरी चुकायचाच, म्हणून शेवटची राखण जिभेवर सोपवलेली होती.

हे चव घेण्याचं काम अक्का करायच्या. लहानथोर सगळ्यांच्याच त्या अक्का. त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. पूर्वी त्यांच्या जोडीला आणखी एक बाई होती. ती थकली आणि लेकीच्या गावी निघून गेली. तिच्या जागी कुणीतरी द्या, असं अक्कांनी थोरल्या आचार्यांना एकदा सुचवून पाहिलं. थोरले आचार्य म्हणजे वैद्यपीठाचे मुख्य. ते हसून म्हणाले, की तुमच्यासारखी जीभ असताना दुसरी हवीच कशाला? आपण बाईंचं कौतुक केलं, असं त्यांना वाटलं. अक्कांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

थोरले आचार्य वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे.

झालं असं, की कापड विणणारा एक साळी ताप घेऊन आला. काढा प्यायला आणि थोड्याच वेळात त्याचे ओठ बधिर झाले, हातपाय गार पडले, छाती नको तशी उडू लागली. सगळ्यांनी धावपळ करून त्याला वाचवलं, पण त्याच्या एका पायातलं बळ काही परत आलं नाही. या गोष्टीला फार दिवस झाले नसतील, तोच एका गवळणीचं तसंच झालं. ती मात्र थोडक्यात निभावली.

पहिल्या वेळी आचार्य म्हणाले, चूक झाली. दुसऱ्या वेळी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तेच औषध, तीच मुळी, पुन्हा जास्त. चूक अशी नेम धरून येते का? आपल्याच घरात कुणीतरी जाणूनबुजून विष कालवतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

एकदा मनानं घेतलं की डोळे पुरावे शोधून आणतात. आचार्यांना जो तो संशयित दिसू लागला. वाटणघरात चौघं हसत असली की ही काय लपवतायत, आणि गप्प असली की हे काय शिजतंय, असं त्यांना वाटे. मुळ्या आणून देणारा कातकरी एके दिवशी उशिरा आला, तर त्याला वाटेत कोण भेटलं याची चौकशी झाली. सगळ्यात जास्त संशय त्यांना धाकट्या आचार्यांचा येई. ते त्यांचेच जुने विद्यार्थी, आता स्वतः शिकवत होते. पूर्वी रोज दुपारी काही ना काही शंका घेऊन यायचे, ते हल्ली येईनासे झाले होते. आपल्या आसनावर याचा डोळा आहे, थोरले आचार्य स्वतःशी म्हणत. ते स्वतःचा भातही स्वतः शिजवू लागले. तो रोज करपायचा. तांदूळ कुणीतरी बदलला असावा, असा त्यांचा त्यावर निष्कर्ष.

मग त्यांनी सगळ्यांना सभामंडपात बोलावून नवे नियम सांगितले. ज्याची चूक सापडेल, त्यानं त्याच दिवशी वैद्यपीठ सोडायचं आणि या राज्यात पुन्हा कुठल्याही आजारी माणसाच्या उशाशी बसायचं नाही. प्रत्येकानं शेजाऱ्यावर नजर ठेवायची. आणि जीभ लागलेली वाटी वाटेत कुणी परत मागितली, तर द्यायची नाही. मागणारा कुणीही असो, त्याचं नाव आपल्या कानावर घालायचं. वाटेतच वाट्यांची अदलाबदल होते, अशी त्यांना शंका होती.

नियम पाळला जातो की नाही, हे बघायला त्यांनी एक सापळाही लावला. काढे पोचवणाऱ्या एका सेवकाकडे दुसऱ्याला पाठवून वाटी परत मागवली. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्या भल्या माणसानं ती मुकाट्यानं दिली. संध्याकाळच्या आत त्याचं गाठोडं फाटकाबाहेर होतं.

त्यानंतर वैद्यपीठाची कळाच गेली. आधी वाटणारी माणसं एकमेकांना सहज म्हणायची, जरा हे बघता का, मला वास वेगळा वाटतोय. आता असं विचारणं म्हणजे आपली चूक आपणच कबूल करण्यासारखं झालं, म्हणून कुणी विचारेना. वर्गात विद्यार्थ्यांनी शंका विचारणं सोडलं. अंगात ताप असला तरी लोक कामावर येत, कारण जो रजा मागेल त्याच्याकडे बोट दाखवलं जाई. वाटणघरात दोघी जणी एकमेकींवर इतकं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवत होत्या, की चुलीवरचं दूध उतू जाऊन विस्तव विझला तरी दोघींपैकी एकीलाही पत्ता नव्हता. आणि एवढी शिस्त आली, म्हणून आचार्यांना बरं वाटत होतं.

एक दिवस त्यांच्या नजरेत अक्का आल्या. रोज दुपारी अक्का काही न बोलता वाटणघरातून उठत, विहिरीच्या भिंतीमागे जात, कनवटीतून काहीतरी काढून तोंडात टाकत आणि डोळे मिटून उभ्या राहत. मग पदरानं डोळे टिपत आणि परत येऊन कामाला बसत. आचार्यांनी हे खांबाआडून दोनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी ते पाळतीवर नेमलेल्या दोघांना घेऊन समोरच जाऊन उभे राहिले.

अक्कांच्या मुठीत गुळाचा खडा होता.

"हा कशाला लागतो तुम्हाला?" आचार्यांनी विचारलं.

अक्कांनी तोंड उघडलं. काहीतरी बरंच सांगायचं असल्यासारखं त्यांनी आचार्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तोंड गोड करायला."

हे खोटं आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आचार्यांना सगळा उलगडा झाला, निदान त्यांना तसं वाटलं. विष कालवणाऱ्या माणसाला जिभेवरचं विष मारायला काहीतरी लागणारच! आयुष्य जिनं या घरात काढलं, त्याच बाईनं हे करावं, याचं त्यांना अतोनात दुःख झालं आणि शेवटी चोर सापडला म्हणून जीव भांड्यातही पडला. उद्या संध्याकाळी सभामंडपात सगळ्यांसमोर अक्कांचा निकाल लागेल, असं त्यांनी जाहीर केलं. गुळाचा खडा पुरावा म्हणून वाटणघराच्या कोनाड्यात ठेवून दिला. तोवर चव कोण घेणार, असा प्रश्न आला तेव्हा आचार्य म्हणाले की मी घेईन. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले आचार्य अक्कांच्या पाटावर बसले. सुरुवातीला त्यांना मजा वाटली. काडेचिराईत, कुटकी, अडुळसा, एकेक चव त्यांनी बरोबर ओळखली. एका चाटणात मध कमी होता, तो त्यांनी पकडला आणि वाटणारीला फैलावर घेतलं. मग पुन्हा कुटकी, पुन्हा कडुनिंब, मग बचनागाचे तापाचे काढे एकामागून एक. ओळ काही संपेना. वाट्या घेऊन उभी असलेली माणसं खाली मान घालून होती. अक्का हे एकट्यानं रोज करत होत्या, असा विचार आचार्यांच्या मनात आला आणि संशयानं तो लगेच बाजूला सारला.

दुपार झाली तसं त्यांच्या जिभेला झिणझिण्या येऊ लागल्या. नंतर झिणझिण्याही थांबल्या. सुंठीच्या काढ्याला ते ठीक म्हणाले, हिरड्याच्या पाण्याला ठीक म्हणाले. मग एका बाळंतिणीसाठी तापाचा काढा आला, त्यालाही ते ठीक म्हणाले आणि सुईण ती वाटी घेऊन निघून गेली.

तोंडाचा कडवटपणा घालवावा म्हणून आचार्यांनी सहज कोनाड्यातला तो गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. खडा जिभेवर होता, टाळूला टोचत होता, पण गोड लागत नव्हता. त्यांनी तो चावला. माती चावावी तसं लागलं.

आचार्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अक्का गूळ तोंड गोड करायला खात नव्हत्या आणि विषावर उतारा म्हणूनही खात नव्हत्या. आपली जीभ अजून जिवंत आहे का, हे त्या रोज गुळाला विचारत होत्या. जेव्हा उत्तर येत नसे, तेव्हा डोळे पुसून परत येऊन बसत होत्या, कारण दुसरं कुणी नव्हतंच. सांगितलं असतं तर त्याच दिवशी त्यांना फाटकाबाहेर काढलं असतं, आणि काढणारे आपणच.

सुंठ आणि हिरडा यांनी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. बाळंतिणीच्या वाटीत मात्र बचनाग होता. किती होता, हे या जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आचार्य उठायला गेले आणि थबकले. दारात धाकटे आचार्य उभे होते. त्यांच्याकडेच एकटक बघत होते. याला कळलंय, थोरल्या आचार्यांच्या मनानं लगेच हिशेब केला. मी आता ओरडलो तर माझ्याच नियमानं संध्याकाळी मी बाहेर आणि हा माझ्या आसनावर. सांगायला लाज वाटते, पण एका बाळंतिणीचा जीव टांगणीला लागलेला असताना त्या शहाण्या माणसाच्या मनात पहिला विचार आसनाचा आला.

त्यांनी वरकरणी शांतपणे पाणक्याला हाक मारली. बाळंतिणीचा काढा गार झाला असेल, तेवढा परत आणा, असं सांगितलं. पाणक्या गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. सुईण वाटी देत नाही म्हणते, तो म्हणाला. उलट तिनं माझं नाव विचारून घेतलं.

मग मात्र आचार्य धावले. उपरणं खांबाला अडकून मागेच राहिलं. त्यांना धावताना वैद्यपीठात कुणी कधी पाहिलं नव्हतं. माणसं ओवऱ्यांतून बाहेर आली आणि मागोमाग निघाली.

सुईण बाळंतिणीच्या मानेखाली हात घालून तिला उठवत होती. वाटी ओठांपासून वीतभर लांब होती.

"वाटी खाली ठेवा, बाई," आचार्य धापा टाकत म्हणाले.

सुईणीनं वाटी छातीशी धरली. "परत मागणाऱ्याला द्यायची नाही, ही तुमचीच आज्ञा आहे, आचार्य. त्या काढेवाल्यानं दिली, तर तुम्ही त्याला हाकलून दिलंत. तुम्ही आज मला पारखत नाही कशावरून? माझ्या घरी खाणारी तोंडं आहेत."

आज्ञा करावी तर तिच्या लेखी तोही सापळाच होता. आपण पेरलेला संशय त्या बाईच्या डोळ्यांतून आपल्याकडेच बघतोय, हे त्यांना दिसलं. आता खरं सांगण्यावाचून वाट नव्हती आणि ऐकायला सगळं वैद्यपीठ दाराशी जमलं होतं.

"मी पारखत नाही," ते म्हणाले. "माझी जीभ बधिर झाली आहे. ह्या वाटीत काय आहे ते मला कळलं नाही, आणि तरी मी ठीक म्हणालो. चूक माझी आहे."

सुईणीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वाटी हळूच जमिनीवर ठेवली. गर्दीतून धाकटे आचार्य पुढे आले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं मात्र, तोंड वेडंवाकडं करत अंगणात जाऊन थुंकले, चुळांवर चुळा भरल्या. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी ती वाटी नाल्यात रिकामी केली.

थोरले आचार्य तिथेच भुईवर बसले. आता हा आपल्याला काय सुनावतो, म्हणून ते धाकट्याकडे बघत राहिले.

धाकटे आचार्य त्यांच्याजवळ येऊन बसले. "मी तुमच्यावर पाळत ठेवायला दारात उभा नव्हतो," ते म्हणाले. "सकाळपासून तुम्ही एकटे चव घेत होता. जरा थांबा, मी बसतो, असं म्हणायला आलो होतो. पण तुम्ही त्याचा काय अर्थ काढाल, या भीतीनं गप्प राहिलो."

मग सुईण म्हणाली की आपल्या स्वतःच्याच अंगात चार दिवस ताप आहे. वाटणाऱ्या एकीनं रडत सांगितलं की त्या काढ्यात मुळी एकदा घातली की दोनदा, हे तिला आठवत नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नाही. जो तो काही ना काही सांगू लागला. थोरले आचार्य ऐकत होते. ज्या वैऱ्याला ते खांबाखांबाआड शोधत होते, तो त्यात कुठेच नव्हता. होती ती दमलेली, घाबरलेली, त्यांचीच माणसं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सभामंडप भरला. अक्का गाठोडं बांधूनच आल्या होत्या. थोरल्या आचार्यांनी सगळ्यांसमोर झाला प्रकार काहीही न लपवता सांगितला. साळ्याला आणि गवळणीला कुणी विष दिलं नव्हतं, एका जिभेवर मी दोन जिभांचं ओझं टाकलं होतं, असं म्हणाले. अक्कांपुढे हात जोडले. नियम माझा आहे, तेव्हा पहिला मीच जातो, असं म्हणून त्यांनी आसनावरून उतरून पायात वहाणा घातल्या.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा न्यायी माणूस, अशी कुजबुजही झाली. अक्का मात्र उठून वाटेत उभ्या राहिल्या.

"मला तुमचा राग आहे, आचार्य, आणि तो काही आज जायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही जायचं नाही. आज तुम्ही खरं बोललात आणि ती पोर वाचली. आता तुम्ही गेलात, तर उद्या या सगळ्यांच्या ध्यानात एवढंच राहील, की जो खरं बोलला, तो गेला. मग पुन्हा इथे कुणी तोंड उघडणार नाही."

निघून जाणं सोपं होतं, हे आचार्यांना तेव्हा कळलं. ज्यांच्यापुढे मान खाली गेली, त्यांच्यातच रोज वावरायचं, हे अवघड होतं. त्यांनी वहाणा काढल्या.

तो नियम त्याच दिवशी मोडीत निघाला. काढेवाल्या सेवकाला आचार्य स्वतः त्याच्या गावी जाऊन सन्मानानं घेऊन आले. अक्कांच्या जोडीला आणखी दोघी आल्या. ज्या कुणाची जीभ थकेल, तिनं तसं सांगायचं, ताक प्यायचं आणि सावलीत जाऊन बसायचं. तिला कारण विचारायचं नाही, असं ठरलं. साळ्याचा पाय सुधारला नाही. खरं काय झालं ते आचार्य त्याला सांगायला गेले, तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि ते त्याच्याजवळ तसेच बसून राहिले.

काही दिवसांनी ऐन गर्दीच्या वेळी चव घेणारी नवी बाई एकदम थांबली आणि म्हणाली, "मला काही कळेनासं झालंय." दाराबाहेर रोग्यांची रांग होती. सगळ्यांच्या नजरा थोरल्या आचार्यांकडे वळल्या. त्यांच्या मनातली जुनी पाल पुन्हा चुकचुकली, की ही खरंच थकली आहे, की टाळाटाळ करतेय? सवय अशी एका दिवसात सुटत नाही. पण ते उठले, स्वतःच्या हातानं ताकाचा पेला भरून तिला दिला आणि रांगेतल्या लोकांना हात जोडून म्हणाले, थोडं थांबावं लागेल. लोक थांबले. त्या दिवसापासून त्या वैद्यपीठातलं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच: जिथे दमलेल्या माणसाला न भिता 'मी दमलो' म्हणता येतं, तिथेच आजारी माणूस सुखरूप राहतो.